हौसाक्काचा उजवा कान

आधी माझ्याबरोबर एवढं मनात आणा.

एप्रिल महिना आहे. सकाळची शाळा नुकतीच सुटली आहे. एका घरापुढे दगडी कट्टा, कट्ट्यावर लिंबाची सावली. सावलीत एक म्हातारी पेरणीच्या बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडते आहे. अंगठ्यानं दाबलं की टच् आवाज, दाणे सुपात, टरफलं खाली. तिच्या पायाशी तुमच्याएवढी एक मुलगी बसली आहे आणि फोडलेल्या दाण्यांतला दर दहावा दाणा तोंडात टाकते आहे. रस्ता म्हातारीच्या डाव्या हाताला. उजव्या हाताला घराची भिंत, आणि भिंत व म्हातारी यांच्यामध्ये शेंगांचं पोतं.

आता रस्त्यानं एक अनोळखी माणूस येतो. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला काळी बॅग. त्याला म्हातारीशी बोलायचं आहे. तुम्ही असता तर कुठे उभे राहिला असता? रस्त्याच्या बाजूलाच ना? जागा मोकळी, सावलीही तिकडेच.

तो माणूस तिथे थांबला नाही. त्यानं चपला काढल्या, टरफलांच्या ढिगावरून लांब टांग टाकली, पोतं जरा सरकवलं आणि भिंतीशी अंग चोरून वीतभर जागेत उभा राहिला. मग वाकला आणि म्हातारीच्या उजव्या कानाशी म्हणाला, “आक्का, बरं आहे ना?”

म्हातारी म्हणजे हौसाक्का खोत. मुलगी जस्मिन मुलाणी, इयत्ता सातवी. गाव पाणंदवाडी, वारणेच्या काठचं. मी तिथल्या शाळेत गणित आणि कॉम्प्युटर शिकवायचो. माझ्या नोकरीचा तो शेवटचा महिना-दीड महिना होता. आज इतकी वर्षं झाली, पण तो माणूस त्या कट्ट्यावर कसा उभा राहिला असेल, हे मी अजून अधूनमधून डोळ्यांपुढे आणून बघतो.

जस्मिन त्या शनिवारी कट्ट्यावरून थेट शाळेत आली. मी पेपर तपासत होतो.

“सर, डावा कान बंद असला की तो बाहेरून वेगळा दिसतो का?”

“कुणाचा?”

“कुणाचाही. म्हणजे रंग वेगळा, आकार वेगळा, असं काही?”

“तुला काय वाटतं?”

तिला माझी ही सवय माहीत होती. विचारलेल्या प्रश्नाला मी पटकन उत्तर देत नसे. तिनं एक सुस्कारा सोडला, समोरच्या बाकावर बसली आणि तो माणूस, त्याची टांग, पोतं, सगळं सांगितलं. तो माणूस मशिनी विकणारा होता, कानाच्या, साखर मोजायच्या, गुडघे शेकायच्या. मंगळवारी कानाचं मशीन घेऊन येतो, बसवून बघू, असं सांगून गेला होता.

“आक्का काय म्हणाल्या?”

“आधी खूश झाल्या. म्हणाल्या, ‘कुणाचा रं तू? लई दिसांनी कुणीतरी बरोबर बाजूनं आलं.’ तो गेल्यावर मात्र शेंगा फोडायच्या थांबल्या. मग मला म्हणाल्या, ‘ह्याला कसं ठावं गं?’”

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, शोधते.”

हा प्रश्न साधा नव्हता. का नव्हता, हे कळायला तुम्हाला आधीच्या पुराची गोष्ट माहीत हवी.

आदल्या वर्षी वारणेचं पाणी गावात शिरलं तेव्हा हौसाक्का घरात एकट्या होत्या. त्या माळ्यावर चढून बसल्या. बचावाची नाव त्यांच्या दारापर्यंत आली होती. नावेतल्या लोकांनी तीनदा हाका मारल्या. त्या हाका आल्या डाव्या बाजूनं. आतून ओ नाही. घर रिकामं आहे असं समजून नाव पुढे गेली. दीड दिवसानं पुतण्यानं कौलं काढली, तेव्हा आक्का माळ्यावर भिजलेल्या घोंगडीत बसलेल्या सापडल्या. “कुणी हाकच मारली न्हाई,” म्हणाल्या.

त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत मी आणि सातवीची बारा मुलं घरोघर फिरलो. दोनशे चौदा घरं. कोण एकटं राहतं, वय काय, बाहेरगावच्या मुलांचा फोन नंबर काय, कुणाला चालता येत नाही, कुणाला कोणती गोळी रोज लागते, कशी हाक मारली की ओ येते, आणि घराची किल्ली कुठे असते. आमच्याकडे किल्ली अशीच कुठेतरी असते. चौकटीवर, तुळशीच्या कुंडीमागे, जात्याच्या खळग्यात. नावेतल्या माणसाला ती माहीत असली तर दार फोडावं लागत नाही. ही सगळी माहिती मुलांनी शाळेच्या कॉम्प्युटरवर भरली. त्या यादीला आम्ही पूरयादी म्हणायचो. ती इंटरनेटवर ठेवली होती, म्हणजे शाळा पाण्यात गेली तरी यादी बुडणार नव्हती.

हौसाक्कांची ओळ जस्मिननं लिहिली होती. एकट्या राहतात. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्या बाजूला जाऊन हाक मारावी. बी.पी.ची गोळी सकाळी. किल्ली उखळाखाली.

“गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक आहे की त्यांचा कान,” मी म्हणालो. “कुणीतरी त्याला सांगितलं असेल.”

“असेल.” तिनं वहीत लिहिलं. “मग मी गल्लीत विचारते. कुणी सांगितलं ते कळलं की झालं.”

“आणि कुणीच सांगितलं नसेल तर?”

ती दारात थांबली. “तर मग मजा आहे,” म्हणाली आणि पळाली.

सोमवारी ती वही घेऊन आली. माझ्या टेबलावर तिनं गल्लीचा नकाशा उघडला. एकतीस घरं, चौकोन काढून.

“सर, तो फक्त चार घरांत गेला. बाकीच्या घरांकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. शेजारच्या घरात माणसं दारात बसलेली होती, तरी नाही.”

“कोणती चार?”

“आक्का. मग कोपऱ्यावरचे रामूतात्या. त्यांना तो म्हणाला, ‘तात्या, साखर कशी आहे?’ मग पारूमामी. आणि सर, ऐका. पारूमामींचं दार बंद होतं. त्यानं बाहेरून ‘मामी, ओ मामी’ अशी हाक मारली.”

“बरं मग?”

“त्यांना ‘काकू’ म्हटलं की त्या दार उघडत नाहीत. ‘आजी’ म्हटलं तर शिव्या देतात. ‘मामी’ म्हटलं तरच येतात. त्याला पहिल्याच हाकेला ‘मामी’ कसं सुचलं?”

मी चष्मा काढला. “आणि चौथं घर?”

“चौथं घरच चुकलंय. चौथ्या घरात बाजीदादा राहतो.”

बाजी मगदूम म्हणजे तालमीतला पोरगा. चोवीस वर्षांचा, मान आणि डोकं एकाच जाडीचं. म्हातारा म्हणावा असं त्याच्या घरात कुणी नव्हतं. जस्मिननं त्याला सोबतच आणलं होतं. तो व्हरांड्यात उभा राहून माठातलं पाणी पीत होता. आत आला तो हसत.

“सर, माझ्या गुडघ्यांकडं जरा बघा की.”

“का रे?”

“कसं दिसत्यात?”

“चांगले दिसतात.”

“त्यो बॅगवाला म्हणतोय, बाजीराव मगदूम आजोबा घरात हाईत का? मी म्हटलं, बाजीराव मगदूम मीच. त्यो एकदा माझ्याकडं बघतोय, एकदा मोबाइलकडं. म्हणतोय, वय सत्त्याहत्तर? मी म्हटलं, व्हय, तूप खाऊन असा झालोय. तर म्हणतोय कसा, गुडघे दुखतात म्हणून जिना चढता येत नाही ना तुम्हाला? तालमीतली पोरं आता मला उठायला हात देत्यात. ‘आजोबा, जपून’ म्हणत्यात!”

मी मोठ्यानं हसलो. बाजीही हसला. हसून झाल्यावर माझं लक्ष जस्मिनकडे गेलं. ती हसत नव्हती.

“काय गं?”

“सर, यादी उघडा ना.”

मी कॉम्प्युटर सुरू केला, पूरयादी उघडली. ती खुर्चीच्या मागे उभी राहून बोट दाखवत होती. “खाली. अजून खाली. सत्त्याऐंशी नंबरची ओळ.”

सत्त्याऐंशीव्या ओळीत बाजीराव मगदूम हे नाव होतं. त्याच्यापुढे वय सत्त्याहत्तर. गुडघेदुखी, जिना चढता येत नाही. अठ्ठ्याऐंशीव्या ओळीत शेजारच्या घरातल्या सखूबाई मगदूम, वय चोवीस, तब्येत उत्तम.

“त्या दिवशी मधेच लाइट गेली होती,” ती म्हणाली. “परत आली तेव्हा मी या दोघांची माहिती एकमेकांच्या ओळीत टाइप केली. ही चूक माझी आहे, सर.”

“असू दे. आता दुरुस्त करू.”

“तसं नाही सर.” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “आक्कांचा कान गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मामींचं पण माहीत आहे. पण बाजीदादा सत्त्याहत्तर वर्षांचा आहे हे कुणालाच माहीत नाही. कारण तो नाहीच आहे. ते फक्त इथं लिहिलंय.”

बाजीला काही कळलं नाही. तो म्हणाला, “मग मी जाऊ का? मेहनतीची वेळ झाली.” मी मानेनंच जा म्हणालो.

मुलांनो, गणितात एक क्षण येतो. उत्तर समोर दिसतं, पण ते लिहायला हात उचलत नाही. माझं तसं झालं होतं. त्या मुलीनं दोन दिवस उन्हात फिरून जे शोधलं होतं त्याचं पुढचं पाऊल तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.

“जस्मिन, बस,” मी म्हणालो. “तुला एक सांगायचं राहिलंय.”

शिमग्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. अवधूत बेडगे. पुण्यात एका कंपनीत होता. त्यांचं एक ॲप होतं, गावाकडच्या एकट्या आईवडिलांची खबर शहरातल्या मुलांना देणारं. त्यानं माझ्या पाया पडून सांगितलं, “सर, तुमची पूरयादी आमच्या ॲपला जोडू या. पुरात मुलांना घरबसल्या कळेल, आपली आई सुरक्षित आहे की नाही.” मला ते फार आवडलं. दुसऱ्याचं ॲप आपल्या यादीत शिरायचं तर त्याला एक लांबलचक पासवर्ड द्यावा लागतो. तो त्याच्या पोटात राहतो, आणि मग ते ॲप कुणी न सांगता आपलं आपण यादी वाचतं. माझ्याकडे एकच पासवर्ड होता. त्यानं सगळं उघडायचं. मी तो एका कागदावर लिहिला आणि लाडवाच्या डब्याबरोबर अवधूतच्या हातात दिला.

जस्मिन ऐकत होती. “सगळं दिलं?”

“सगळं.”

“किल्ल्यांचा रकाना पण?”

मी फोन उचलला, अवधूतला लावला आणि स्पीकर चालू केला.

“सर! नमस्कार. तब्येत काय म्हणते?”

“अवधूत, आमच्या यादीतली माहिती कानाच्या मशिनीवाल्यांकडे कशी गेली रे?”

“सर, ते आमचे जोडीदार आहेत. म्हणजे त्यांचं ॲप आमच्या ॲपला जोडलंय. आम्हाला जे दिसतं ते त्यांना दिसतं. ते सगळ्याच कंपन्यांत चालतं.”

“मी तुला दिलं होतं. त्यांना नाही.”

“सर, राग मानू नका. मी तुम्हाला काय मागितलं होतं, आठवतं? दोनच गोष्टी. गल्लीत एकटी माणसं किती, आणि त्यांच्या मुलांचा फोन नंबर. तुम्हीच म्हणालात, ‘अरे, अर्धं कशाला, सगळंच घे की.’”

ते खरं होतं. पाहुण्याला अर्धं वाढायचं माझ्या हाताला माहीतच नव्हतं.

जस्मिन फोनजवळ सरकली. “दादा, मी जस्मिन. सातवीत आहे. एक विचारू?”

“विचार की.”

“तुम्हाला आक्कांची किल्ली कुठे आहे ते दिसतं?”

“थांब, बघतो... हो. उखळाखाली.”

“आणि त्या बॅगवाल्याला?”

पुण्यातल्या त्या खोलीत पंखा चालू असावा, त्याचा आवाज येत होता.

“दिसत असणार,” अवधूत म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “सर, मी आत्ता ते बंद करतो. त्यांना पुसायलाही सांगतो. पण त्यांनी आधीच उतरवून घेतलं असेल तर माझ्या हातात नाही.”

फोन ठेवल्यावर मी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. दोन मिनिटांचं काम. मग मी जे बोललो ते मला आजही सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो.

“झालं,” मी म्हणालो. “आता कुणाला काही कळायला नको. उगीच गावात घबराट. किल्ल्या मात्र जागा बदलून ठेवा, एवढं सांगू सगळ्यांना. कारण काहीतरी देऊ.”

जस्मिननं वही मिटली. “मग आक्कांना कसं कळणार, त्याला कुणी सांगितलं ते?”

“नाही कळलं तर काय बिघडलं?”

“त्यांना वाटेल मी सांगितलं. त्या कट्ट्यावर बसून त्यांच्या तोंडून मीच लिहून घेतलं होतं, सर. तुम्ही नव्हता. त्यांनी मला सांगितलं होतं, पुण्यातल्या कुणाला नाही.”

आम्ही दोघं हौसाक्कांकडे निघालो.

आक्का आत चुलीपाशी होत्या. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो आणि काही न लपवता सगळं सांगितलं. कॉम्प्युटरमधलं त्यांना किती कळेल असं मला वाटत होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“म्हंजे माझी किल्ली कुठं हाय, ते पुण्याला ठावं हाय?”

“हो, आक्का. चूक माझी आहे.”

त्या उठल्या, ओसरीवरचं उखळ कलतं केलं, किल्ली काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. गाठ दोनदा ओढून बघितली.

“माझं नाव खोडा त्यातनं.”

“आक्का,” जस्मिन म्हणाली, “नाव खोडलं तर बचावाची नाव येईल तेव्हा पुन्हा डाव्या बाजूनंच हाक मारतील. तुम्हाला ऐकू येणार नाही.”

“न्हाई आलं तर न्हाई आलं. तुला म्हणून सांगितलं हुतं पोरी. साऱ्या मुलखाला न्हवं.”

जस्मिननं मान खाली घातली. तेवढ्यात दारातून हाक आली. शेजारची शोभा वाटी घेऊन आली होती. आक्कांचं विरजण गल्लीत नावाजलेलं. कुणाचं दही बिघडलं की वाटी आक्कांच्या दारी. शोभा उंबऱ्याच्या आत यायला लागली तशा आक्का म्हणाल्या, “थांब तिथंच. किती दुधाला?”

“लिटरभर. पाहुणे आलेत, कढी करायचीय.”

“मग आंबट हवं.” आक्कांनी शिंक्यावरचं गाडगं उतरवलं, चमचाभर विरजण वाटीत घातलं, गाडगं परत वर ठेवलं. “आन् परत सांच्याला येशील वाटी घेऊन. दिवं लागल्यावर मी देत न्हाई. मागच्या सोमवारी पण तूच आलीवतीस.”

“तुमच्या लक्षात बरं राहतं सगळं!”

“माझं विरजण हाय. माझ्या न्हाई तर कुणाच्या लक्षात ऱ्हाणार?”

शोभा हसत गेली. आम्हीही उठलो. शाळेत परत येऊन मी यादी उघडली. आक्कांची ओळ होती एकशे दोन नंबरची. “मी पुसू का?” असं विचारून जस्मिननं स्वतः ती पुसली. पावसाळ्याला सहा आठवडे होते. तिनं स्क्रीनकडे बघत बघत विचारलं, “सर, आक्का विरजणाचं गाडगं कधी कुणाच्या हातात देतात?”

“कधीच नाही.”

“आपण दिलं.”

मी मान हलवली.

“त्या विचारतात, किती दुधाला, कशाला. मग चमचाच देतात. आणि दिवे लागले की बंद. आणि कोण कधी आलं ते पण लक्षात ठेवतात.” ती माझ्याकडे वळली. “कॉम्प्युटरला हे येतं का, सर?”

“येत असेल,” मी म्हणालो. “मला येत नाही. शिकावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तो बॅगवाला ठरल्याप्रमाणे आला. मी मुद्दाम कोपऱ्यावर थांबलो होतो. आक्का कट्ट्यावरच होत्या, पण भिंतीला अगदी खेटून. उजव्या बाजूला बोट घालायलाही जागा नव्हती. तो माणूस घुटमळला. डावीकडून म्हणाला, “आक्का, मशीन आणलंय.” टच्. “आक्का!” टच्. टच्. शेंगा फुटत राहिल्या. त्यांना खरंच ऐकू आलं नाही की काय, देव जाणे. मी पुढे होऊन त्याला त्याच्या मोबाइलमधली यादी दाखवायला सांगितली. पोरगा बिचारा. कंपनीनं दिलेल्या पत्त्यांवर तो फिरत होता. बाजीचं नाव बघून मी विचारलं, “या आजोबांना भेटलास?” तो लाजून म्हणाला, “सर, तेव्हापासून माझा माझ्या मोबाइलवर विश्वास राहिला नाही.”

त्याच्या कंपनीनं पुढे सगळं पुसल्याचं पत्र पाठवलं. खरंच पुसलं का, ते मला आजही माहीत नाही. म्हणून त्या आठवड्यात मी यादीतल्या घरोघरी गेलो, काय झालं ते सांगितलं आणि किल्ल्यांची जागा बदलायला लावली. काही जण रागावले. रामूतात्या पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पेपर तपासून झाल्यावर रोज सकाळी मी शिकायला बसायचो. फोनवर अवधूत शिकवायचा. “आता उलटं झालंय, सर,” तो पहिल्या दिवशी म्हणाला. मी म्हणालो, “छड्या मात्र मारू नकोस.” जस्मिन शेजारच्या खुर्चीवर बसून मधेमधे विचारायची. दर ॲपला वेगळा पासवर्ड देता येतो, हे आम्हाला कळलं. त्यानं ठरलेले रकाने तेवढेच दिसतात, बाकीचे आहेत हेसुद्धा त्या ॲपला समजत नाही. प्रत्येक पासवर्डाला शेवटची तारीख घालता येते. आणि कुणी कधी काय वाचलं, त्याची नोंद आपोआप होते. अवधूतच्या ॲपला त्यानं मागितलेल्या दोनच गोष्टी द्यायचं आम्ही ठरवलं, त्याही दसऱ्यापर्यंत. नंतर हव्या असतील तर त्यानं पुन्हा विचारायचं. “आणि पुढे कुणाला द्यायचं नाही,” जस्मिननं त्याला फोनवर बजावलं. “आम्हाला नोंदीत दिसतं.” त्यानं पुढे कुणाला दिलं, ते नोंदीत दिसणार नव्हतं. मी तिला तसं हळूच सांगितलं. तिनं फोनवर हात ठेवला आणि म्हणाली, “मग त्यांच्याकडून लिहून घ्या.” आम्ही लिहून घेतलं.

एवढं झाल्यावर मला वाटलं, काम संपलं. यादी परत जोडून टाकू.

“कशी जोडणार?” ती म्हणाली. “आधीचं सगळं पुरासाठी म्हणून सांगितलं होतं त्यांनी. आता परत विचारायला पाहिजे. काय लिहू आणि कुणाला दाखवू.”

“दोनशे चौदा घरं, जस्मिन. ऊन बघितलंस का?”

“सुट्टीच आहे की.”

मे महिन्यातल्या एका सकाळी ती कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिल घेऊन निघाली. मी छत्री घेऊन मागे मागे. तिनं पहिलं घर हौसाक्कांचंच धरलं. मी म्हणालो, “त्यांना शेवटी ठेवू. राग निवळू दे.” ती थांबली नाही. म्हणून मीच लिंबाखाली लांब उभा राहिलो.

आक्का कट्ट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. पोतं जवळजवळ रिकामं झालं होतं आणि उजव्या बाजूला, भिंतीपाशी, आता चांगली ऐसपैस जागा होती. जस्मिन सहा महिने आक्कांशी त्याच अंगानं बोलायची. त्या दिवशी ती तिकडे गेली नाही. रस्त्यावरून आली तशी डाव्या बाजूलाच उभी राहिली. गावात नवीन आलेलं, काहीच माहीत नसलेलं माणूस राहील तशी.

“आक्का,” तिनं हाक मारली.

टच्. दाणे सुपात.

“आक्का.”

टच्.

मला राहवेना. मी खूण करणार होतो, अगं, तिकडून जा. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिनं तिसऱ्यांदा हाक मारली नाही. कागद छातीशी धरून ती सकाळच्या तिरक्या उन्हात नुसती उभी राहिली. मिनिट झालं, दोन झाली. तिची सावली हळूहळू सुपाच्या काठाला लागली असावी, कारण आक्कांचा अंगठा थांबला. त्यांनी मान वळवली. तिच्याकडे, मग त्या कोऱ्या कागदाकडे, बराच वेळ बघत राहिल्या.

“तिकडनं काय उभी ऱ्हायलीस खुळे?” त्या म्हणाल्या. “तो कान बंद हाय माझा. ह्या अंगाला ये.”

जस्मिन टरफलांवरून उडी मारून उजव्या बाजूला गेली. बसली. कागद मांडीवर घेतला, पेन्सिल उचलली, पण टोक कागदाला लावलं नाही.

“आक्का, हे लिहू का?” तिनं विचारलं. “आणि लिहिलं तर कुणाकुणाला दाखवू?”

आणि पेन्सिल तशीच वर धरून ती वाट बघत बसली.